रॉकोच्या टोपीवरचा कोळी

आबा, तुम्हाला जाऊन आज वीस दिवस झाले आणि मला अजून तुमचा संशय येतो.

गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, हे मला घरी शिकवलंय. पण तुम्हीच म्हणायचात, विठ्ठल गोड बोलायला लागला की समजावं, याला ताप भरलाय. म्हणून सरळ विचारतो. शेजारच्या रॉकोला ग्रीक कळतं, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं का? माहीत नसेल, तर गेल्या वर्षी तुमच्या दारात मी एका लबाडाला पकडून दिलं. माहीत असेल, तर मी दोन म्हाताऱ्यांची तीस वर्षांची सोबत मोडली आणि मग तुम्ही त्याच्याशी न बोलताच गेलात. यातलं खरं कुठलं, ते कळल्याशिवाय मला तुमच्या घरात धड चहा गिळवत नाही.

हे मी मराठीत लिहितोय, इथल्या, इंग्लंडातल्या आपल्या लोकांच्या अंकासाठी. आपले म्हणजे माझे. त्यातल्या कोणी तुम्हाला पाहिलेलं नाही, म्हणून तुम्हाला ठाऊक असलेल्याही काही गोष्टी सांगाव्या लागतील. कंटाळू नका.

तीन वर्षांपूर्वी हिवाळ्यात एजवेअरच्या तुमच्या घराची वरची खोली बघायला आलो. स्टॅनमोरला राहणाऱ्या ऑफिसातल्या मंडळींनी आधीच बजावलं होतं, ग्रीक म्हातारा आहे, शिंपीकाम करून रिटायर झालाय, खडूस आहे, जपून. तुम्ही दार उघडलंत, हॅलो नाही, काही नाही, पुढे होऊन माझी कॉलरच धरलीत.

"हे कोणी शिवलं?"

"माझ्या वडिलांनी."

तुम्ही कॉलर उलटी करून आतली शिवण बघितलीत. मी दारात उभा, मान वाकडी. नांदेडकडच्या आमच्या तालुक्याच्या गावी स्टँडसमोर माझ्या वडिलांचं मशीन आहे. शिक्षण चौथी. आई अंगठा उठवते. आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला आणि ते मी कुठेही, कोणालाही सांगतो, मला लाज नाही. तुम्हालाही सांगितलं. तुम्ही ऐकलंत की नाही कोण जाणे. "तुझा बाप कारागीर आहे," म्हणालात, "खोली तुझी."

मला तेव्हाच संशय आला. रेफरन्स मागितला नाही, ऑफिसचं पत्र मागितलं नाही. असं कोण खोली देतं? पहिले दोन आठवडे मी सुटकेसला कुलूप लावून कामाला जायचो. तुम्हाला ते दिसलं होतं. एके दिवशी कुलपाला तेल घातलेलं सापडलं. कुरकुरत होतं म्हणालात.

तुम्हाला हाक काय मारायची, हाही एक तंटाच झाला. वडीलधाऱ्याला नावाने हाक मारायची आमच्यात रीत नाही. काका म्हणालो तर एलेनीआजी, म्हणजे तुमच्या बायकोने, हातातला रुमाल तोंडावर धरला. तुमच्या भाषेत ते लहान मुलाच्या शीचं नाव निघालं. शेजारचा रॉको टेबलावर बसला होता, तो म्हणाला आमच्यातही तेच. मामा म्हणालो, तर दोन्हीकडे आई. अण्णा म्हणालो, तर दोन्हीकडे बाईचं नाव. "वा," तुम्ही म्हणालात, "ग्रीस आणि इटलीचं इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकमत झालं." शेवटी आबावर तह झाला. माझ्या नावाचं मात्र कधीच मिटलं नाही. रॉको मला व्हीटो म्हणायचा. तुम्ही चिडायचात, "आमच्या घरातल्या माणसाला इटालियन करतोस? हा व्हासिलिस आहे." मी म्हणायचो, मी विठ्ठल आहे. तुम्ही दोघंही माझ्याकडे असे बघायचात, की जणू तिसऱ्याच देशाने मध्ये तोंड घातलंय.

रॉको मला पहिल्यापासून खटकला. एक म्हणजे तो पुढच्या दाराने कधी यायचा नाही. तुमच्या दोघांच्या गार्डनमधल्या लाकडी कुंपणात एक फळी नव्हती, तिथून पोट आत घेऊन शिरायचा आणि थेट स्वयंपाकघरात. दुसरं म्हणजे त्याचं हसू. दक्षिण इटलीतल्या कुठल्याशा खेड्यातून विटांच्या भट्टीवर काम करायला इंग्लंडात आला, मग जन्मभर लोकांच्या घरात फरशा बसवल्या. तीस वर्षं तुमचा शेजारी. पण एखादी गोष्ट सांगून झाली, की हा एक क्षण आधीच हसलेला असायचा. मी सॉफ्टवेअर तपासतो, आबा. चुका शोधायचे मला पगार मिळतो. जे वेळेच्या आधी होतं, ते मला आधी दिसतं.

ग्रीसने फुटबॉलमध्ये युरोप जिंकला, त्या उन्हाळ्यात ते पक्कं झालं. इटली आधीच बाहेर पडली होती. रॉको रोज येऊन सांगायचा, त्या दोन उत्तरेकडच्या टीमनी ठरवून बरोबरी केली, आमचा घात झाला. तुम्ही कॉफी ढवळत एलेनीआजीला ग्रीकमध्ये काहीतरी पुटपुटलात. आजीने ते माझ्या कानात इंग्रजीत सांगितलं, की रोमन लोक हरले की कायम दुसऱ्याने विष घातलेलं असतं. मी हसायच्या आत रॉकोचे कान लाल झाले होते. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने लगेच बिस्कीट उचललं.

मग फांदीचं प्रकरण. त्याच्या अंजिराची फांदी तुमच्या टोमॅटोवर सावली धरायची. ते तुम्ही त्याला इंग्रजीत एकदाही सांगितलं नाही. त्याच्यादेखत आजीपाशी ग्रीकमध्ये कुरकुरलात, बुधवारी. रविवारी फांदी कापलेली. मी तुम्हाला म्हणालो, "आबा, बघितलंत?"

"काय?"

"फांदी."

"झाडं वाढतात. माणसं कापतात. यात काय बघायचं?"

तुम्ही डोळे वर न करता सुईत दोरा ओवत होतात. त्या वयात, चष्म्याशिवाय, पहिल्या झटक्यात. तेव्हा मला वाटलं, भोळा माणूस, शेजाऱ्यावर जीव टाकतो आणि तो याच्या घरात बसून नवराबायकोचं सगळं खासगी ऐकतोय. माझ्या डोक्यात आग झाली. तुम्ही मला आईबापासारखं ठेवलं होतं. प्रमोशनच्या इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी माझा सूट पाठीत उसवून पुन्हा शिवलात आणि म्हणालात, "आता बोल काय बोलायचं ते, शिवण पाठ सांभाळते तुझी." त्या माणसाला कोणी फसवतंय आणि मी गप्प बसायचं?

अठ्ठावीस ऑक्टोबर तुम्हा लोकांचा मोठा दिवस. लढाईच्या काळात इटलीच्या हुकूमशहाने सांगून पाठवलं, आमच्या फौजेला तुमच्या देशात वाट द्या, आणि ग्रीस नाही म्हणाला. तुमच्या भाषेत ओही. त्या एका शब्दाची तुम्ही सुट्टी पाळता. तुमच्यासाठी ती नुसती सुट्टी नव्हती. तुमचा थोरला भाऊ त्या डोंगरातल्या बर्फात दोन्ही पावलं घालवून परत आला होता. पुढे इटालियन शिपाई गावात राहायला आले, तेव्हा तुम्ही सात वर्षांचे होता, आणि भुकेने सुजलेले पाय तुम्ही पाहिले होते. हे तुम्ही मला एकदाच सांगितलंत, कापडाला इस्त्री करताना, माझ्याकडे पाठ करून.

आणि तरी दरवर्षी त्या दिवशी सकाळी अकराला रॉको पुढच्या दाराने यायचा. वर्षातून तेवढं एकदा. काळा कोट, डोक्यावर टोपी. बेल वाजवायचा आणि ताठ उभा राहून इंग्रजीत विचारायचा, "महाशय, आमच्या फौजेला जरा आत येऊ द्याल का?" तुमच्या मागे तुमचे चारपाच ग्रीक दोस्त दाटीवाटीने उभे. तुम्ही छाती काढून ओरडायचात, "ओही!" टाळ्या. दार बंद. रॉको घरी. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणाच्या खिंडारातून बाटली घेऊन हजर आणि पुन्हा तुमचं सुरू.

"आम्ही तुम्हाला देव दिले," तुम्ही म्हणायचात. "तुम्ही नुसती नावं बदललीत, चोरीच्या गाडीची नंबरप्लेट बदलावी तशी."

"गाडी तुम्ही अंगणात गंजत ठेवली होती," रॉको म्हणायचा. "आम्ही जगभर चालवली."

पहिल्या वर्षी मी जिन्यात बसून हे पाहिलं आणि मला हसू आलं नाही. ज्याच्या भावाचे पाय गेले तो अशी थट्टा कशी करतो, हे मला कळेना. गेल्या वर्षी मी तयारीनिशी खाली उतरलो. एलेनीआजीकडून एक वाक्य पाठ करून घेतलं होतं. तिला सांगितलं, ऑफिसातल्या एका ग्रीक मुलीला हसवायचंय. तिने बिचारीने चार वेळा घोटून घेतलं.

रॉकोने बेल वाजवली. तुम्ही दार उघडलंत. त्याने तोंड उघडायच्या आत मी तुमच्या खांद्यामागून आजीला, ग्रीकमध्ये, अगदी सहज आवाजात म्हणालो, "त्याच्या टोपीवर कोळी आहे."

रॉकोने टोपी झटक्यात काढून फेकली.

टोपी पायरीवर पडली, एकदा लोळली आणि थांबली. कोळी नव्हता. मागे तुमचे दोस्त होते, त्यातला एक फिस्सकन हसला आणि मग त्याचं हसू मधेच विरलं. प्रत्येकजण मनातल्या मनात मोजत असावा, या माणसासमोर आपण काय काय बोललोय. मी म्हणालो, इंग्रजीत, सगळ्यांना कळेल असं, "आबा, याला सगळं कळतं. कायम कळत होतं." मला आठवतंय, माझी मान ताठ होती. शाळेत पहिला नंबर आल्यावर असायची तशी.

तुम्ही रॉकोकडे बघितलंत. तो खाली बघत होता, टक्कल उघडं. तुम्ही "ओही" म्हणालात, पण ओरडला नाहीत. हळू म्हणालात आणि दार लावलंत.

मग मला म्हणालात, "तुला कोणी विचारलं होतं?"

"चूक दिसली की कळवायची असते, आबा."

"कोणी सांगितलं?"

"लपवलं तर ते खोटंच की."

"तुझ्या बापाला विचार," तुम्ही म्हणालात, "कोटाच्या अस्तराच्या आत काय असतं. चिंध्या, दोऱ्याच्या गाठी, जुन्या मापाच्या खुणा. ते गिऱ्हाइकाला दाखवतात का? त्यात खोटं काय? त्याच्यावर कोट उभा असतो."

मी म्हणालो माणूस म्हणजे कोट नव्हे. हा वाद तिथेच राहिला. दुपारी मागच्या गार्डनमधून हातोडीचे आवाज आले. खिंडाराला तुम्ही फळी बसवली होती.

त्यानंतर वर्षभर रॉको आला नाही. या उन्हाळ्यात इटली विश्वचषक जिंकली. फायनल तुम्ही एकट्याने बघितलीत, टीव्हीचा आवाज बंद करून. मी विचारलं, रिमोट बिघडला का? तुम्ही हाताने गप्प केलंत. पेनल्टी सुरू झाल्या आणि भिंतीपलीकडून रॉकोचं ओरडणं यायला लागलं. तेव्हा मला कळलं, तुम्ही मॅच भिंतीतून ऐकत होता. सप्टेंबरात मागच्या दाराच्या कडीला अंजिरांची पिशवी लटकलेली सापडली. तुम्ही ती खाल्लीत आणि आजीला म्हणालात, बाजारातली बरी निघाली. आजीने बाजारातून काही आणलं नव्हतं.

हॉस्पिटलात तुम्ही अंगावरचा गाऊन चिमटीत धरून म्हणालात, "हे शिवणाऱ्याला आधी ॲडमिट करा." मी हसलो आणि म्हटलं आता विचारावं. आबा, तुम्हाला माहीत होतं का? तेवढ्यात नर्स आली. ती गेल्यावर तुम्ही डोळे मिटले होते. झोपला होता की झोपेचं सोंग केलं होतं, यावरही माझा संशय आहे.

तुमच्या अंत्यविधीला रॉको चर्चमध्ये सगळ्यांत मागे बसला. शेवटी लोक एकेक पुढे जाऊन निरोप घेत होते, तेव्हा तो आला आणि पेटीवर वाकून बोलायला लागला. बराच वेळ बोलला. तुमचे पाद्री बघतच राहिले. मी आजीला विचारलं, "इटालियन?" तिने मान हलवली. "ग्रीक. पण माझ्या आजीच्याही आजीचं असावं तसं. अर्धं मला कळत नाही."

"काय म्हणाला?"

"अर्धं कळलं म्हटलं ना," आजी म्हणाली, "ते माझ्यापाशी राहू दे."

नंतर चर्चच्या हॉलमध्ये साखर, डाळिंबाचे दाणे घातलेला उकडलेला गहू वाटला. रॉको तो हातावर घेऊन उभा होता. माझ्याकडे आला. मला वाटलं, आता शिव्या देणार. म्हणाला, "आमच्या गावातही मेलेल्यांसाठी हाच गहू." मग त्याने सांगितलं. बुटासारख्या इटलीच्या टाचेतल्या त्याच्या खेड्यात घरोघरी एक जुनी ग्रीक बोलतात, कित्येक शतकांपासून. शाळेत ती बोलली की मास्तर मारायचे. शिकलेले लोक तिला चिखलाची भाषा म्हणायचे. इंग्लंडात आल्यावर त्याने ती कोणाला दाखवलीच नाही. "पहिल्या दिवशी थानासिस माझ्यासमोर बायकोशी बोलला," तो तुमचं नाव घेऊन म्हणाला, "आणि मला माझ्या आजीचे शब्द ऐकू आले. तेव्हा सांगायला हवं होतं. लाज वाटली. मग दहा वर्षं झाली. मग वीस. मग कसं सांगतात?"

मी गहू चघळत राहिलो. पुण्याला होस्टेलात मी "न्हाई" म्हटलं की रूममधली मुलं पलंगावर लोळून हसायची. "न्हाई जमत," "न्हाई येत," अशी माझी नक्कल करायची. सहा महिन्यांत मी माझी बोली घासून पुसून टाकली. स्टॅनमोरच्या मंडळींत कोणी मराठवाड्याच्या बोलण्यावर विनोद केला, तर अजून मी त्यांच्याबरोबर हसतो आणि सगळं ऐकतो. रॉकोला यातलं काही मी सांगितलं नाही.

पण त्या दिवसापासून मी तुमची फाईल पुन्हा तपासायला घेतली. आणि आबा, एक गोष्ट हाती लागली.

तुमच्या छातीची तपासणी झाली आणि हॉस्पिटलचं पत्र आलं, तो मार्चमधला दिवस. कोळ्याच्या आधीचा मार्च. टेबलावर आपण चौघं होतो. तुम्ही पत्र वाचलंत, घडी घातलीत आणि आजीचा हात धरून तिला बाहेर घेऊन गेलात. गारठ्यात, बिनकोटाचे, गार्डनच्या टोकाला शेडमध्ये. तिथे तिला सांगितलंत. आत टेबलावर उरलो आम्ही दोघं, मी आणि रॉको. मला तर ग्रीक येत नव्हतं. मग तुम्ही ते कोणापासून लपवत होता?

रॉको आजारी पडला तर त्याच्यासमोर आजीला ग्रीकमध्ये म्हणायचात, हा डॉक्टरकडे जात नाही, मरेल एक दिवस. आठवड्यात तो जाऊन यायचा. फांदी, खोकला, त्याच्या मुलाने फोन न करणं, सगळं त्याच्यासमोर, सगळं ग्रीकमध्ये. तोंडावर सांगितलं असतं तर त्याला अपमान वाटला असता. जे खरंच त्याला कळू द्यायचं नव्हतं, ते शेडमध्ये.

मी आजीला विचारलं. ती म्हणाली, "तीस वर्षांत मी त्याला हे विचारलं नाही आणि तू तीन वर्षांत विचारतोस?" आणि भांडी घासायला लागली. जोरात.

आज अठ्ठावीस ऑक्टोबर. तुमचे दोस्त आले नाहीत, सुतक म्हणून. अकराला बेल वाजली. आजीने स्वयंपाकघरातून हाक मारली, "विठ्ठल, बघ." तिने मला पहिल्यांदा माझ्या नावाने हाक मारली.

काळा कोट, टोपी. रॉको माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या मागे, तुम्ही उभे राहायचात त्या जागेकडे बघत होता. यंदा त्याने इंग्रजीत विचारलं नाही. त्याच्या आजीच्या बोलीत विचारलं. मला एकही शब्द कळला नाही आणि तरी काय विचारलं ते कळलं. या म्हणावं असं मनात होतं. पण या म्हटलं असतं तर ते सगळं तिथेच संपलं असतं. मी छाती काढली आणि तोंडातून जे आलं ते थेट स्टँडसमोरच्या मशीनपासून आलं.

"न्हाई!"

रॉकोने टोपी उचलून सलाम केला. डोळे भरलेले, पण वळला तो कडक शिपायासारखा. मी दार लावलं. आत आजीने एकटीने टाळ्या वाजवल्या, ओल्या हातांच्या.

मग मी मागे गार्डनमध्ये गेलो, तुमचा हातोडा आणि पक्कड घेऊन. फळी काढायची तर खिळे उपटावे लागतील, अर्धा तास जाईल, असा हिशेब होता. फळीला हात लावला आणि ती हातातच आली. मोठा खिळा एकही नाही. वर दोन आणि खाली दोन बारीक चुका, अर्ध्याच ठोकलेल्या, लांब लांब अंतरावर. हातोडीचे एवढे आवाज केलेत, सगळ्या गल्लीला ऐकवलेत, आणि फळी नुसती अडकवून ठेवलीत.

मशीनखाली बसून मी लहानपणी हेच बघायचो, आबा. माप पक्कं व्हायच्या आधी वडील लांब लांब कच्चे टाके घालायचे. ते उसवायलाच घातलेले असतात.

मग वर्षभर कोणाची वाट बघत होता? रॉकोची? की ज्याने बिघडवलं त्याने स्वतः येऊन हात लावावा, याची?

फळी मी शेडमध्ये उभी करून ठेवली आहे. उद्या सकाळी खिंडारातून कोण येतं ते बघतो. आजीने आत्ताच तीन कप काढून ठेवलेत आणि मी विचारलं तर म्हणते, मी कुठे काढले.